जाणारा जातो, ज्ञानाचे काय?

पुण्यातील हिंजवडी असो, मुंबईतील सीप्झ असो किंवा नवी मुंबईतील ऐरोली, आयटी कंपनीतील राजीनाम्यानंतरचे दिवस साधारण एकाच पद्धतीने जातात. नोटीस पीरियडचे पहिले काही आठवडे त्या कर्मचाऱ्याने थांबावे म्हणून मनधरणी करण्यात निघून जातात. उरलेल्या दहा-पंधरा दिवसांत अचानक सर्वांच्या ध्यानात येते, की अमुक एक मॉड्यूल याच्याशिवाय दुसऱ्या कोणालाच नीटसे ठाऊक नाही. घाईघाईने मीटिंग रूम अडवली जाते, नुकताच रुजू झालेला एखादा मुलगा वही घेऊन समोर बसतो आणि जाणारा माणूस चार-पाच वर्षांत जे शिकला, ते चार-पाच दुपारींत सांगून मोकळा होतो. शेवटच्या दिवशी केक कापला जातो, ओळखपत्र जमा होते. पुढे महिन्याभराने रात्री-बेरात्री कुठलीशी यंत्रणा बंद पडते आणि त्या मुलाला उमगते, की वहीभर लिहून घेतलेल्या मजकुरात या प्रश्नाचे उत्तर नाही.

या सोपस्काराला आयटीतील मंडळी 'केटी' म्हणतात. 'नॉलेज ट्रान्सफर'चे हे लघुरूप. महाराष्ट्रातील इंजिनीअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेल्या कोणालाही मात्र 'केटी लागणे' याचा अर्थ निराळाच ठाऊक असतो. विषय सुटला नाही, की तो पुढच्या सत्रात डोक्यावर घेऊन फिरायचा, ती केटी. कंपन्यांमधील अनेक केट्यांचा शेवट पाहता हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर आहेत असे म्हणता येणार नाही.

सॉफ्टवेअर बनविणाऱ्या चमूमध्ये ज्ञान कसे वाटले जाते, कुठे अडते आणि अडल्यावर काय होते, हा विषय वरकरणी व्यवस्थापनाच्या पुस्तकातला वाटतो. बँका, विमा, शेअर बाजार, रेल्वे आरक्षण, रुग्णालये असे सर्वच व्यवहार आज आज्ञावलींवर उभे असल्याने त्याची झळ मात्र संगणकाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसालाही बसते.

पाऊण तासात ४६ कोटी डॉलर

या बाबतीत सर्वाधिक अभ्यासले गेलेले प्रकरण अमेरिकेतील 'नाइट कॅपिटल' या दलाली पेढीचे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू होणार होती. तिच्यात भाग घेता यावा म्हणून नाइटने आपल्या सौदे पाठविणाऱ्या प्रणालीत नवा कोड लिहिला. ही प्रणाली आठ सर्व्हरवर चालत असे. जुलैच्या अखेरीस तंत्रज्ञाने सर्व्हरवर नवा कोड चढविला, परंतु आठांपैकी एक सर्व्हर राहून गेला. दुसऱ्या तंत्रज्ञाने हे काम तपासावे, असा लेखी नियम कंपनीत नव्हता. त्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

एवढ्यावर निभावले असते. पण त्या आठव्या सर्व्हरवर 'पॉवर पेग' नावाचे जुने फंक्शन पडून होते. २००३ पासून त्याचा वापर बंद होता. मात्र ते काढून टाकलेले नव्हते. २००५ मध्ये प्रणालीत फेरबदल करताना, मागितले तितके शेअर खरेदी झाले की नाही हे मोजणारा भाग दुसरीकडे हलविण्यात आला होता. बंद पडलेले पॉवर पेग त्यानंतर चालते का, कसे चालते, हे कोणी तपासले नाही. आणि २०१२ मध्ये नवा कोड लिहिणाऱ्यांनी आपल्या कामासाठी नेमकी तीच खूण, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या भाषेत तोच 'फ्लॅग' पुन्हा वापरला, जो एकेकाळी पॉवर पेग सुरू करण्यासाठी वापरला जात असे.

बाजार सकाळी साडेनऊला उघडला. भारतात तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. सात सर्व्हरांनी त्या खुणेचा नवा अर्थ घेतला, आठव्याने जुना. किती शेअर घेऊन झाले हे मोजणारे कोणी नसल्याने आठवा सर्व्हर सौदे पाठवतच राहिला. ग्राहकांकडून आलेल्या अवघ्या २१२ मागण्यांपायी सुमारे ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या समभागांत ४० लाख व्यवहार होऊन ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअरची उलाढाल झाली. नुकसान ४६ कोटी डॉलरहून अधिक.

अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात या घटनेचा तपशीलवार पंचनामा आहे आणि त्यातील दोन गोष्टी वाचताना कोणाही आयटीवाल्याच्या पोटात गोळा यावा. पहिली म्हणजे, बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ९७ ई-मेल पाठविल्या होत्या आणि त्यांत 'पॉवर पेग'चा उल्लेख होता. पण या ई-मेल धोक्याची सूचना म्हणून योजलेल्या नव्हत्या; त्या सहसा कोणी वाचत नसे. दुसरी गोष्ट अधिक विदारक आहे. गोंधळ थांबविण्यासाठी त्या सकाळी धडपडणाऱ्या तंत्रज्ञांनी दोष नव्या कोडचा असावा असे समजून तो उरलेल्या सात सर्व्हरवरूनही काढून टाकला. परिणामी तिथेही जुने पॉवर पेग जागे झाले आणि आग विझविण्याऐवजी भडकली.

ही मंडळी अडाणी नव्हती. त्या पेढीचा तेव्हा अमेरिकी बाजारात दबदबा होता. पण २००३ मध्ये काय बंद केले, २००५ मध्ये काय हलविले आणि २०१२ मध्ये काय जोडले, या तीन गोष्टी एकत्र ठाऊक असलेला माणूस त्या पाऊण तासात कामी आला नाही. कंपनी वाचविण्यासाठी काही गुंतवणूकदारांनी ४० कोटी डॉलर ओतले. पुढल्याच वर्षी ती दुसऱ्या पेढीत विलीन झाली. नियामकाचा दंड होता १ कोटी २० लाख डॉलर. मूळ तोट्यापुढे तो चिल्लरच म्हणायचा.

कागदावर न उतरणारे

अशा प्रत्येक घटनेनंतर एकच उपाय सुचविला जातो: सगळे लिहून ठेवा. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो का अपुरा आहे, हे डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्येच एका निबंधात सांगून ठेवले आहे. नाउर हे साधे नाव नव्हे. संगणकक्षेत्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना २००५ साली मिळाला. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

नाउर यांचे म्हणणे असे, की प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे संगणकाला सूचना देणारा मजकूर तयार करणे नव्हे. प्रोग्रॅमर काम करता करता मनात एक समज, त्यांच्या शब्दांत एक 'सिद्धांत' उभा करीत असतो. बाहेरच्या जगातील कोणता व्यवहार प्रोग्रॅममधील कोणत्या भागाशी जोडला आहे, अमुक गोष्ट अशीच का केली, उद्या काही बदलायचे झाले तर कुठे हात घातला असता बाकीचे कोसळणार नाही, हे सारे त्या समजेत येते. कोड आणि कागदपत्रे ही तिची पडछाया.

उदाहरणादाखल त्यांनी दोन चमूंची हकिकत दिली आहे. पहिल्या चमूने एका संगणकभाषेसाठी कंपायलर तयार केला. दुसऱ्या चमूला त्यात किंचित भर घालून तो दुसऱ्या संगणकासाठी वापरायचा होता. संपूर्ण कोड, सविस्तर टिपणे, वर पहिल्या चमूचा प्रत्यक्ष सल्ला, असे सगळे त्यांना उपलब्ध होते. तरीही दुसऱ्या चमूने सुचविलेले बदल पहिल्या चमूने पाहिले, तेव्हा ध्यानात आले, की कंपायलरच्या रचनेतच ज्याची सोय होती आणि टिपणांत जिची चर्चाही होती, तिचा उपयोग न करता वरून ठिगळे लावली जात आहेत. पहिल्या चमूतील लोकांना साधा उपाय तत्काळ दिसला. पुढे काही वर्षांनी, हा कंपायलर मूळ चमूच्या हातून पूर्णपणे गेल्यावर, ती देखणी रचना असंख्य जोडकामांखाली निरुपयोगी होऊन पडलेली आढळली. टिपणे होती, ती वाचलीही गेली होती. समज मात्र पोहोचली नव्हती.

हे समजायला संगणक कशाला हवा? पुरणपोळीची कृती पुस्तकात छापलेली असते. पुरण किती घट्ट झाले की उतरवायचे, हे मात्र आजी 'बघ, आता' एवढेच म्हणून सांगते. जपानी व्यवस्थापनतज्ज्ञ इकुजिरो नोनाका यांनी याच गोष्टीचे जे उदाहरण जगभर पोहोचविले, तेही योगायोगाने स्वयंपाकघरातले आणि एका सॉफ्टवेअर डेव्हलपरचेच आहे. १९८५ च्या सुमारास ओसाकातील मात्सुशिता कंपनी घरगुती पाव बनविण्याचे यंत्र तयार करीत होती. यंत्रात पाव बाहेरून करपे आणि आतून कच्चा राही. कणीक मळण्याचा कोणताही नमुना तपासून उत्तर सापडेना. अखेर इकुको तानाका या सॉफ्टवेअर डेव्हलपरने ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली उमेदवारी केली. तेथे त्यांना दिसले, की तो कणीक विशिष्ट पद्धतीने ताणतो. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नसावे. इंजिनीअरांसोबत वर्षभर खटपट करून यंत्राच्या आत खास कंगोरे बसविण्यात आले आणि ते ताणणे यंत्रात उतरले.

केटीच्या वहीत जे येत नाही ते नेमके हेच. जाणारा माणूस काही लपवीत असतो असे नाही; आपल्याला काय काय ठाऊक आहे याची यादी त्याच्याजवळच नसते.

पन्नास माणसे, बाराशे पंचवीस धागे

मग ज्ञान एका डोक्यात साठू नये म्हणून अधिक माणसे लावावीत, असे साहजिकच वाटते. आयबीएमच्या 'ओएस/३६०' या महाकाय प्रकल्पाची धुरा वाहिलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ च्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात त्या समजुतीला सुरुंग लावला. रखडलेल्या प्रकल्पावर ऐन वेळी माणसे वाढवली, तर तो आणखी रखडतो, असा त्यांचा अनुभव. कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि बोलण्याचे धागे वाढतात. पाच जणांत परस्परांशी बोलण्याच्या जोड्या दहा. पन्नास जणांत त्या १,२२५ होतात. त्याआधी १९६८ मध्ये मेल्विन कॉनवे यांनी आणखी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले होते. संस्थेतील माणसे जशी एकमेकांशी बोलतात, तशीच त्यांनी घडविलेल्या प्रणालीची रचना होते. दोन विभागांत अबोला असेल, तर त्यांनी बनविलेल्या दोन प्रणालींतही तो उतरतो. सरकारी संकेतस्थळांवर एकच माहिती तीनदा भरावी लागण्यामागील रहस्य येथे दडलेले असावे.

हातचे राखून

भारतीय आयटी उद्योगाची तर उभारणीच ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात घेण्यावर झाली आहे. २००० सालच्या तोंडावर 'वायटूके'ने जगाला घाबरवून सोडले. वर्षाचे दोनच अंक साठविणाऱ्या जुन्या, बहुतांशी कोबोल भाषेतील प्रणाली दुरुस्त करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आले. ते प्रोग्रॅम दुसऱ्याच कोणी, दुसऱ्याच देशात, कैक वर्षांपूर्वी लिहिलेले होते. त्या अनुभवातून एक पद्धत घडली, जी पुढे परदेशी कंपन्यांचे काम इकडे आणताना सर्रास वापरली गेली. आधी काही जण तिकडे जाऊन मूळ कर्मचाऱ्याच्या शेजारी बसून पाहतात. मग भूमिका उलटतात: काम नवा माणूस करतो आणि जुना शेजारी बसून पाहतो. आयटीच्या बोलीत याला 'शॅडो' आणि 'रिव्हर्स शॅडो' म्हणतात. गुरूच्या घरी राहून विद्या घेण्याचीच ही कराराने बांधलेली, तास मोजणारी आवृत्ती.

यातील दुसरा टप्पा अत्यंत मोलाचा असतो. वेळ कमी पडला की नेमकी त्यालाच कात्री लागते. पहिला टप्पा कागदोपत्री दाखविता येतो: इतक्या बैठका, इतकी टिपणे, इतकी ध्वनिचित्रमुद्रणे. दुसऱ्यात नवा माणूस अडखळताना दिसतो, आणि ग्राहकासमोर अडखळणे कोणालाच नको असते.

त्यातच माणसाच्या स्वभावाचा भाग येतो. परदेशी कर्मचाऱ्याने आपलेच काम जे घेऊन चालले आहेत त्यांना मनापासून का शिकवावे? आणि येथल्या कर्मचाऱ्याने तरी, आपल्यावाचून अडते हीच नोकरीची हमी असताना, सगळे का सांगून टाकावे? खास चिजा शिष्यांना सहजी न देणाऱ्या घराणेदार गवयांच्या गोष्टी महाराष्ट्राला नव्या नाहीत. 'हातचे राखून' हा शब्दप्रयोग मराठीत उगाच रुजलेला नाही. कंपन्या तोंडाने सहकार्याचे गोडवे गातात आणि वार्षिक मूल्यमापनात मात्र एकट्याने किल्ला लढविणाऱ्याला बढती देतात. तोवर प्रशिक्षणाचे वर्ग कितीही भरविले, तरी फार फरक पडणार नाही. शेजाऱ्याला शिकविण्यात घालविलेला तास ग्राहकाच्या बिलात लावता येत नाही, ही अडचण आहेच.

आणखी एक अडसर खास आपल्याकडचा आहे. बैठकीत 'सगळ्यांना समजले ना?' या प्रश्नाला सर्वांच्या माना डोलतात. न समजल्याचे वरिष्ठांसमोर कबूल करणे शाळेपासूनच अंगवळणी पडलेले नसते. सवाल न विचारणाऱ्यांच्या सभेत शिकविणाऱ्यालाही आपण काय सांगायचे विसरलो, ते कळत नाही.

'काय' केले याहून 'का' केले

एकट्याच्या डोक्यातील गोष्ट चार डोक्यांत राहावी, यासाठी या क्षेत्राने उपाय शोधले नाहीत असे नाही. उलट त्यांतील काही उपाय तर जगाने उचलले. आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेल्या 'विकिपीडिया'तील 'विकी' हा शब्द प्रोग्रॅमरांच्या अशाच गरजेतून आला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली ती प्रोग्रॅमरांना आपापल्या युक्त्या सहज मांडता आणि दुसऱ्याच्या सुधारता याव्यात म्हणून. होनोलुलू विमानतळावरील बससेवेचे 'विकी विकी' हे नाव त्यांच्या लक्षात होते. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ 'झटपट'. विकिपीडिया अवतरला तो त्यानंतर सहा वर्षांनी. कंपन्यांच्या अंतर्गत विकी मात्र बरेचदा अडगळीच्या खोलीसारख्या होतात. ठेवणारे अनेक, आवरणारा कोणी नाही आणि तीन वर्षांपूर्वीचे चुकीचे पान आजच्या बरोबर पानाशेजारी त्याच ऐटीत बसलेले.

अधिक टिकाऊ ठरली ती कोड दुसऱ्याने वाचण्याची पद्धत. आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये तिला शिस्तबद्ध रूप दिले. तिचा मूळ हेतू चुका पकडण्याचा. तिचा खरा लाभ निराळा आहे. वाचणारा माणूस त्या भागाचा दुसरा जाणकार होतो. लिनक्सच्या गाभ्यात भर घालणाऱ्याचा प्रत्येक बदल त्या विभागाच्या जबाबदार व्यक्तीच्या नजरेखालून जातो, आणि तो कोणी लिहिला, कोणी पुढे पाठविला याची नोंद त्या बदलासोबतच कायम राहते. लायनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये याच कामासाठी 'गिट' हे साधन लिहिले. आज जगातील बहुतेक चमू ते वापरतात. गिटमध्ये प्रत्येक बदलाबरोबर एक संदेश लिहावा लागतो. चांगल्या चमूंत तो संदेश पत्रासारखा असतो: अडचण काय होती, कोणते दोन मार्ग तपासले, हाच का निवडला. वाईट चमूंत तेथे 'दुरुस्ती', 'पुन्हा दुरुस्ती', 'शेवटची दुरुस्ती' अशी मालिका आढळते. काय बदलले हे कोड वाचून कळतेच. का बदलले हे लिहिणाऱ्याने सांगितले नाही, तर ते त्याच्याबरोबर जाते.

एकाच संगणकासमोर दोघांनी बसून कोड लिहिण्याची 'पेअर प्रोग्रॅमिंग'ची पद्धत केंट बेक यांच्या १९९९ मधील 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग'विषयीच्या पुस्तकामुळे सर्वदूर गेली. एका कामाला दोन पगार कशाला, हा व्यवस्थापकांचा प्रश्न तेव्हापासून कायम आहे. त्या पाववाल्याशेजारी उभे राहण्याला मात्र याहून जवळचा पर्याय अजून कोणाला सापडलेला नाही.

चूक झाली, दारे उघडा

ज्ञान सर्वाधिक कधी वाटले जाते? चूक झाल्यावर. किंवा तेव्हाच ते सर्वाधिक दडविले जाते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री 'गिटलॅब' कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरील फोल्डर समजून मुख्य सर्व्हरवरीलच फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांतच चूक ध्यानात येऊन त्याने हात आवरला, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी अवघे साडेचार जीबी शिल्लक होते. प्रती ठेवण्याच्या पद्धती अनेक होत्या. आयत्या वेळी कळले, की रोजची प्रत घेणारा प्रोग्रॅम आवृत्ती न जुळल्याने कित्येक दिवस चालतच नव्हता आणि तसे कळविणाऱ्या ई-मेल मध्येच नाकारल्या जात होत्या. नशिबाने सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने दुसऱ्या कामासाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती.

पुढे जे झाले ते अपवादात्मक आहे. कंपनीने आपली दुरुस्तीची टिपणे सर्वांसाठी खुली केली आणि डेटा परत आणण्याचे काम यूट्यूबवर थेट दाखविले. नंतरच्या अहवालात अभियंत्याचे नाव न देता, एका माणसाच्या एका चुकीने एवढे होऊ शकते अशी व्यवस्था का होती, याचा कारणांमागून कारणे शोधत छडा लावला. सहा तासांचा डेटा कायमचा गेला. पण त्या अहवालानंतर जगभरातील किती जणांनी आपल्या प्रती खरोखर उघडतात का हे तपासून पाहिले असेल, याची गणती नाही. दोषी शोधण्याऐवजी कारण शोधणाऱ्या या चौकशीला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात. आपल्याकडील अनेक कार्यालयांत याच कामासाठी जी बैठक भरते, तिच्यात पहिला प्रश्न 'हे कोणी केले?' असा असतो. उत्तर मिळते, चौकशी संपते, आणि पुढच्या वेळी उत्तर मिळणेही बंद होते.

बसखाली सापडला तर?

एखाद्या प्रकल्पातील किती माणसे अचानक नाहीशी झाल्यास तो ठप्प होईल, या आकड्याला प्रोग्रॅमर मंडळी काहीशा काळ्या विनोदाने 'बस फॅक्टर' म्हणतात. 'पायथन' भाषेचे जनक गीडो व्हॅन रॉसम बसखाली सापडले तर पुढे काय, असा प्रश्न १९९४ मध्येच जाहीरपणे विचारला गेला होता. सुदैवाने तशी वेळ आली नाही. जुलै २०१८ मध्ये ते आपणहून अंतिम निर्णयाच्या अधिकारातून बाजूला झाले आणि २०१९ पासून निवडून आलेली पाच जणांची समिती ती जबाबदारी सांभाळते. सर्वांनाच असे भाग्य लाभत नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये, बेरोजगार भत्त्यांच्या अर्जांनी यंत्रणा कोलमडल्यावर न्यू जर्सीच्या गव्हर्नरांवर कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक देण्याची पाळी आली. आणि मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लिनक्सवर सर्वत्र असलेल्या छोट्या साधनात चोरदरवाजा सापडला, तेव्हा त्यामागील कथा कळून अनेकांची झोप उडाली. ते साधन वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने, फावल्या वेळात सांभाळणारा थकलेला माणूस. त्याच्या मदतीला आलेला, दोनेक वर्षे चोख काम करून विश्वास मिळविणारा अनोळखी साथीदार. आणि त्यानेच पेरलेला सुरुंग. लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का लागतो या कुतूहलातून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधला नसता, तर जगातील असंख्य सर्व्हर परक्याच्या हाती गेले असते.

यंत्राला विचारलेला प्रश्न

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि या साऱ्या चर्चेला नवे वळण मिळाले. अनोळखी कोड समोर ठेवून 'हे काय करते?' असे विचारले, की ही साधने क्षणात उत्तर देतात आणि बहुधा ते उपयोगी असते. नवख्याला वरिष्ठाच्या टेबलापाशी घुटमळावे लागत नाही, अज्ञान उघडे पडण्याची भीती नाही. मान डोलावणाऱ्या मुलासाठी ही मोठीच सुटका. तिची किंमत सावकाश कळू लागली आहे. पूर्वी तो प्रश्न वरिष्ठाकडे जाई, तेव्हा वरिष्ठालाही कळे, की ही गोष्ट कुठे लिहिलेली नाही. शेजारच्या दोघांच्या कानावर उत्तर पडे. २००८ पासून प्रोग्रॅमरांची सार्वजनिक शंकानिरसनाची जागा असलेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'वरील नव्या प्रश्नांची संख्या गेल्या काही वर्षांत झपाट्याने घसरली आहे. तेथील उत्तर सर्वांसाठी राहत असे, यंत्राबरोबरचा संवाद खिडकी मिटताच संपतो.

नाइट कॅपिटलच्या कोडपुढे असे साधन ठेवले असते, तर ही खूण आणखी एका जुन्या फंक्शनमध्येही वापरलेली आहे, हे त्याने कदाचित दाखवूनही दिले असते. आठव्या सर्व्हरवर नवी फाइल पोहोचली नाही, हे मात्र त्या कोडमध्ये कुठेच लिहिलेले नव्हते. त्यासाठी कोणीतरी दुसऱ्याने जाऊन आठही सर्व्हर उघडून पाहायचे होते.